सव्वा किलोच्या प्लेटा आधी घ्या

प्रश्न: वय 41, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. सकाळी लवकरची लोकल, घरी यायला रात्रीचे साडेआठ, त्यामुळे जिमची वर्षाची फी भरून दोनदा मध्येच सोडली. आता हॉलच्या कोपऱ्यातच वजनं ठेवावीत म्हणतोय, बायकोलाही करायचंय. बजेट 15 हजार. दुकानदार म्हणतो 100 किलोचा पीव्हीसी सेट आणि दहा व्यायाम होणारा बेंच घ्या, स्वस्त पडेल. घेऊ का? खाली वयस्कर काकू राहतात, त्यांचीही काळजी वाटते.

उत्तर: नका घेऊ. पीव्हीसीच्या प्लेटमध्ये आत सिमेंट, वाळू असलं काहीतरी भरलेलं असतं, म्हणून ती लोखंडीपेक्षा खूप जाड होते आणि छोट्या डंबेल रॉडवर दोन-तीन चढवल्या की नट लावायला जागाच उरत नाही. मी सुरुवातीला असाच सेट आणला होता, वर्षभरात एका प्लेटची शिवण उकलली आणि रोज फरशीवर राखाडी भुकटी पडायला लागली, शेवटी किचनच्या काट्यावर ठेवली तर 5 किलोची प्लेट सव्वाचार भरली. लोखंडी प्लेट इतकी टिकते की पुढे तुमच्या मुलांनाही वापरता येईल.

तर घ्यायचं काय? दोन डंबेल रॉड, एक 5 फुटी सरळ रॉड, आणि लोखंडी प्लेटा 5, अडीच आणि सव्वा किलोच्या, प्रत्येकी चार. झाले 35 किलो, दोघांना सुरुवातीला भरपूर आहेत, पुढे पायांना हलकं वाटायला लागलं की 10 च्या दोन आणा. प्लेटा किलोवर विकतात, तेव्हा दोन-तीन दुकानांत भाव विचारा. साधा रॉड साधारण 25 ते 30 मिमी जाडीचा असतो आणि ऑलिंपिक रॉडची टोकं 50 मिमीची, म्हणून रॉड-प्लेटा एकाच दुकानात एकमेकांत घालून बघूनच पैसे द्या. रॉडच्या आट्यांवरून नट बोटांनी फिरवून बघा, मध्येच अडकला किंवा डुगडुगला तर दुसरा मागा. सेट (व्यायामाची एक सलग फेरी) चालू असताना नट हळूहळू सैल होतो, त्यामुळे प्रत्येक सेटआधी दोन्ही बाजू आवळायच्या, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, डोक्यावर वजन धरलेलं असताना प्लेट सरकली तर सावरायला वेळच मिळत नाही.

सव्वाच्या प्लेटा दुकानदार स्वतःहून देत नाहीत, त्या मागून घ्या कारण सगळी प्रगती त्यांच्यावरच चालते. समजा खांद्याचा प्रेस (वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) 3 सेट 8-8 रेप्सने, म्हणजे एका सेटमध्ये 8 वेळा उचलून, सुरू केलात, हळूहळू तिन्ही सेटमध्ये 12 व्हायला लागले की वजन वाढवायचं. डंबेलला दोन्ही टोकांना सव्वा लावली तर एकेका हाताला अडीच किलो वाढतात, तुमच्या मिसेसना ती उडी फार मोठी पडेल. त्याच दोन प्लेटा 5 फुटी रॉडला लावल्या तर तेच अडीच किलो दोन हातांत वाटले जातात. म्हणून तो रॉड हवाच. आणि वही ठेवा, तारीख, वजन, रेप्स, बास.

बेंच राहू द्या. एकट्याने रॉड घेऊन बेंच प्रेस करताना दम संपला तर रॉड छातीवर अडकतो, त्यापेक्षा मॅटवर झोपून डंबेल प्रेस करा, कोपर टेकलं की थांबायचं. बाकी गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून उठ-बस), स्टुलावर हात टेकून रो (वजन खालून पोटाकडे ओढणं), उभ्याने खांद्याचा प्रेस आणि रोमेनियन डेडलिफ्ट (रॉड धरून पुढे वाकून परत सरळ उभं राहणं), आठवड्यातून 3 दिवस, 40 मिनिटं. डेडलिफ्टला घाई करू नका, चुकीचं केलं तर कंबरेत उसण भरू शकते. आधी मॉपची दांडी पाठीला उभी लावा, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे, मग गुडघे किंचित वाकवून ढुंगण मागे ढकलत वाका. एक जागा सुटली की कंबर गोल झाली समजा. दहा वेळा नीट जमेल तेव्हाच रॉड हातात घ्या.

काकूंचं म्हणाल तर, राहत्या खोल्यांची स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून डिझाइन करतात, तुमच्या 35 किलोंनी काही होत नाही, त्रास होतो तो आपटण्याचा. फोमच्या, एकमेकांत अडकवायच्या तुकड्यांच्या मॅट दबतात आणि पाय डगमगतो, त्याऐवजी जाड रबरी मॅट घ्या, वजन खाली सोडू नका, टेकवा. आणि एकदा खाली जाऊन काकूंना कुठली वेळ चालेल ते विचाराच.

प्रश्न: आई 64 वर्षांची, साताऱ्याला असते. हाडं ठिसूळ होतायत असं डॉक्टर म्हणाले. तिने डंबेल उचलावेत का?

उत्तर: मणक्याला आधीच फ्रॅक्चर नाही ना, हे डॉक्टरांना आधी विचारा. फ्रॅक्चर नाही, चालेल असं ते म्हणाले तर नक्की उचलावेत, हाडांवर ताण आला तर ती टिकायला मदत होते. सुरुवात भिंतीला लावलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करून, 8 वेळा, एक दिवसाआड. ते सहज जमलं की दोन्ही हातांत एकेक किलो. पुढे वाकून उचलायचे आणि कंबरेत पिळायचे प्रकार अजिबात नकोत, आणि पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी उभं राहा.