शेती सुरू केल्यावर माणसाचं आयुष्य लगेच सोपं झालं का?

लगेच तर अजिबात नाही. सीरियात अबू हुरेरा म्हणून फार जुनं गाव सापडलंय, तिथल्या बायकांच्या सांगाड्यांत पायाची बोटं, गुडघे, पाठ झिजलेली दिसते, कारण रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून दगडावर धान्य दळायचं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांचं खाणं जास्त वेगवेगळं असायचं, शेतीनंतर बऱ्याच ठिकाणी लोकांची उंची कमी झाली, दात किडले. मग सोडली का नाही? धान्य साठवता येतं, एका जागी राहिलं की पोरं लवकर लवकर होतात, आणि एवढी तोंडं वाढल्यावर परत जंगलावर भागणं शक्यच नव्हतं. कारखान्यांचंही सुरुवातीला तसंच, ब्रिटनमध्ये कापड गिरण्यांत लहान मुलं राबायची, बहुतेक गिरण्यांत ९ वर्षांखालच्यांना बंदी आली ती १८३३ च्या कायद्याने.