प्रतिकारशक्ती वाढवली तर अल्झायमर आटोक्यात येतो का?

नाही. वडिलांना अल्झायमरचं निदान झालंय, तर 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या गोळ्या सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. आईच्या आजारपणात याच गोळ्यांवरून माझं नि दादाचं वाजलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मेंदूतली जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे मुख्यतः मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्यांना वेढा घालायचा, जमेल तेवढं गिळायचं, हे त्यांचं काम. २०१३ साली ट्रेम२ या जनुकातला एक दुर्मिळ बदल सापडला. तो असेल तर मायक्रोग्लिया लंगड्या पडतात आणि अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. त्याच वर्षी उंदरांत उलटंही दिसलं: दाह पेटवणारं एनएलआरपी३ हे प्रथिन काढून टाकल्यावर अमायलॉइड कमी साचलं. शिवाय उंदरांत याच पेशी धडधाकट सिनॅप्सही, म्हणजे चेतापेशींमधले जोडही, खाताना दिसल्यात. मग गोळी नेमकं वाढवणार काय?

दादापुढे हे सगळं बोलून उपयोग नव्हता. एका रात्री आई चादरीतून नसलेले धागे ओढत बसली. मला म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" आदल्या दिवशीपर्यंत नावाने हाक मारत होती. दादाचं म्हणणं, आजार पुढे सरकला, गोळ्या दुप्पट करू. ताप नव्हता, तरी मी हट्टाने लघवी तपासायला दिली. जंतुसंसर्ग निघाला. अँटिबायोटिकने भ्रम उतरला, पण चष्म्याच्या काड्या कशा उघडायच्या हे ती त्यानंतर विसरली ते विसरलीच.

शरीरात कुठेही संसर्ग झाला की दाहाचे संदेश मेंदूपर्यंत पोचतात आणि आधीच चिडलेल्या मायक्रोग्लिया आणखी भडकतात. म्हणून माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडला तर त्याचं खापर अल्झायमरवर फोडू नका. लघवी, छाती, पोट साफ होतंय का, नवं औषध कुठलं सुरू झालंय, हे आधी बघा.

आता दाह कमी करायचा म्हणून वेदनाशामकं घेऊ नका हं. नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिबची मोठी चाचणी २००४ मध्ये थांबवावी लागली, आजार टळल्याचं काही दिसलं नाही. ट्रेम२ला चालना देणारं औषधही २०२४ मध्ये चाचणीत फसलं. आणि मी डॉक्टर नाही. ट्रेम२चा तो बदल बहुतेक रुग्णांत नसतोच, तेव्हा तुमच्या वडिलांच्या बाबतीत यातलं किती लागू पडेल ते त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टलाच विचारा.

गोळ्या आणणारा भाऊ तुमच्याकडेही असेल, तर त्याला म्हणावं, तेवढ्या पैशांत वडिलांना रात्री सांभाळायला बाई ठेव. नाहीतर आठवड्यातून दोन रात्री स्वतः जाग.