सबवूफर कोठे ठेवावा आणि तिसरी पिन का काढू नये

प्रश्न : मी घरच्याच एका खोलीत भजनी मंडळांची आणि दशावतारातील पदांची ध्वनिमुद्रणे करतो. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे. भिंती चिऱ्याच्या आणि जमीन फरशीची आहे. पाच इंची मॉनिटरवर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासण्याच्या स्पीकरवर, पखवाजाचा धामा (खर्जाचे तोंड) नीट कळत नाही, म्हणून दहा इंची ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा आणि आतच ॲम्प्लिफायर असलेला स्पीकर, वापरलेला घेतला. तो कोपऱ्यात ठेवल्यापासून खर्ज नुसता घुमतो, आणि येथे बरोबर वाटलेले मिश्रण (सर्व आवाजांचा जुळवलेला मेळ) गाडीत वाजवले तर पखवाज दुबळा ऐकू येतो. शिवाय काहीही वाजत नसताना बारीक गुणगुण चालू असते. प्लगची तिसरी, जाड (अर्थिंगची) पिन काढल्यास ती थांबते, असे एका परिचिताने सांगितले. काय करावे? – एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : पिन काढू नये. सबवूफरच्या आतील ॲम्प्लिफायरचा विद्युतप्रवाह काही बिघाडाने धातूच्या पाठपत्र्यावर उतरला, तर त्याला जमिनीत जाण्याची वाट ती जाड पिनच देते; ती काढली तर तो प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीत जातो. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येणे हे बहुधा अर्थिंगच्या दोन वेगवेगळ्या वाटा जुळल्याचे लक्षण असते. म्हणून संगणक, इंटरफेस (संगणकाला माइक व स्पीकर जोडणारी पेटी), मॉनिटर आणि सबवूफर यांना एकाच बोर्डवरून वीज द्यावी व जोडणीसाठी बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण रद्द करणारी दोन तारांची केबल) वापरावी. एवढ्याने गुणगुण न थांबल्यास सिग्नलच्या मार्गात ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालता येतो; तो तारांचा थेट जोड तोडून फक्त ध्वनीचा सिग्नल पुढे जाऊ देतो. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नाही आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तेव्हा परवानाधारक वायरमनकडून तो मोजून घ्यावा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे, आणि घराच्या मुख्य बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. सबवूफर वापरलेला आहे, म्हणून मागील व्होल्टेजचे बटण ११५ वर राहिलेले नाही ना, हे प्लग लावण्यापूर्वीच पाहावे.

आता घुमण्याविषयी. खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, तो ध्वनी तेथे साचून राहतो. कोकणातील उष्ण हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर धरला, तर बारा फुटांच्या लांबीला ही कंप्रता सुमारे ४८ हर्ट्झ येते आणि दहा फुटांना सुमारे ५७ हर्ट्झ. आपल्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५७ हर्ट्झवर दोन्हींचा जोर एकत्र होतो, आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तर खोलीच्या सर्वच अनुनादांना पूर्ण ताकदीने जागवतो. तो फुगलेला खर्ज ऐकून आपण मिश्रणात पखवाज कमी करता, आणि म्हणून गाडीत तो दुबळा वाटतो. दोष पखवाजाचा नाही, कानांचाही नाही. भिंतींना पातळ फोम चिकटवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. परंतु ५० हर्ट्झच्या ध्वनीची पाव तरंगलांबीच पावणेदोन मीटरच्या आसपास भरते, तेथे दोन इंची फोम काय करणार? पैसे घालायचेच असतील तर कोपऱ्यांमध्ये खनिज लोकरीचे जाड बास ट्रॅप (खर्ज शोषणारे ठोकळे) बसवावेत.

जागा शोधण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. वीज बंद करून दोघांनी मिळून सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी मजबूत स्टुलावर ठेवावा, त्यावर सलग खर्जाचे वादन मध्यम आवाजात लावावे, आणि स्वतः भिंतींच्या कडेने वाकून, कान जमिनीजवळ नेत फिरावे. जेथे सगळे खालचे स्वर सारख्याच वजनाने ऐकू येतात, तेथे सबवूफर ठेवावा. ही जागा भिंतीच्या मध्याशी निघेल किंवा एक-तृतीयांशावर, हे आधी ठरवता येत नाही. फक्त मागील पाठपत्र्याला हवा लागेल एवढे अंतर सोडावे.

जोडणी इंटरफेसमधून सबवूफरमध्ये आणि तेथून मॉनिटरमध्ये करावी. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या कंप्रतेखालचा ध्वनी सबवूफरकडे आणि वरचा मॉनिटरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. मग आपल्या जागी बसून ८० हर्ट्झचा एकच स्वर वाजवावा आणि दुसऱ्या माणसाला फेजचे (सबवूफर आणि मॉनिटर यांच्या लहरींचा मेळ बदलणारे) बटण ० व १८० वर फिरवायला सांगावे. ज्या स्थितीत आवाज मोठा येतो, ती बरोबर. सबवूफरच्या आवाजाची पातळी मात्र कानाने ठरवू नये, कारण नवा सबवूफर आणलेला प्रत्येक जण ती वाढवूनच ठेवतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. मोजमापाचा माइक जोडून आलेख काढावा आणि क्रॉसओव्हरच्या खालचा भाग वरच्या भागाशी जुळेपर्यंत सबवूफरचा नॉब कमी-जास्त करावा. फोनमधील माइकवर खर्जासाठी विसंबू नये. एवढ्या लहान खोलीत सुमारे ७५ डेसिबलची पातळी काम करायला पुरेशी असते.

शेजाऱ्यांचा विचार करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ते मोजमाप ‘ए’ श्रेणीचे, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार खर्ज कमी धरणारे, असते आणि त्यात ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. मापक काही बोलणार नाही, पण शेजारच्या खिडकीची तावदाने थरथरतील. रात्री सबवूफर बंद ठेवून हेडफोनवर काम करणेच बरे.

सुरू करताना सबवूफर आणि मॉनिटर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळावा. वीज गेली की लगेच त्यांची बटणे बंद करावीत. ती परत येताना बसणारा झटका मोठा असतो. मे महिन्यातील वळिवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत गडगडाट ऐकू येण्याआधीच प्लग काढावा, आणि सिग्नलची केबलही सोडवावी, कारण विजेचा दाब त्या वाटेनेही आत शिरतो. खाऱ्या हवेने जॅक हिरवे पडतात आणि जुन्या स्पीकरची फोमची कड ठिसूळ होते. दोन्ही पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावीत. फ्यूज उडाल्यास त्याच क्षमतेचा बसवावा, आणि तोही पुन्हा उडाला तर सबवूफर स्वतः न उघडता तंत्रज्ञाकडे द्यावा, कारण प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब काही काळ टिकून असतो.