सूट घातल्यावर माझा मुलगा निर्दय होईल का?

न्यू जर्सीतल्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनाच्या ऑनलाइन सत्रासाठी आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा अमेरिकेच्या सैन्यात. अंगावर चढवायच्या यांत्रिक सूटच्या चाचणीत त्याने नाव दिलं होतं. "ताई, अंगात एवढी ताकद आल्यावर दुसऱ्याचं दुखणं त्याला कळेल का हो?"

त्यांच्या डोळ्यांसमोर गोळ्या झेलणारा लोखंडी माणूस होता. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने 2013 मध्ये तसा 'टॅलोस' सूट बनवायचं जाहीर केलंही होतं. पण युद्धात घालण्याजोगा पूर्ण सूट काही झाला नाही आणि 2019 मध्ये तो प्रकल्प थांबला. आज चाचणीला येतात ती बहुतेक यंत्रं गुडघ्याला, कंबरेला किंवा पाठीला आधार देणारी असतात. सुरुवातीच्या काही नमुन्यांत तर ओझं यंत्रावर असूनही चालणाऱ्याला जास्तच दम लागायचा.

वागणं बदलतं, पण वेगळ्या वाटेने. पुढच्या सत्रात मुलगा स्वतः बोलला. "सूट असला की मी सगळ्यांच्या पुढे. काढला की वाटतं, मी अर्धाच उरलोय." गुडघा ठणकत होता, पण चाचणीतून काढतील म्हणून त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला खरी काळजी वाटली ती इथे. सूटमुळे झेपतंय असं दिसलं की पाठीवर आणखी ओझं चढतं, आणि आपलं दुखणं लपवायची सवय लागलेला माणूस शेजारच्याचं दुखणंही हळूहळू मोजेनासा होतो. आईंची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

"साहेबांनी विचारल्यावर नाही कोण म्हणणार?" तो म्हणाला. संशोधनात भाग घे म्हणून वरिष्ठांनी दबाव आणू नये, संमती घेताना त्यांनी तिथे हजरही राहू नये, असा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा नियम आहे. शिवाय केव्हाही बाहेर पडता येतं. त्याने सही केलेल्या कागदातही हे होतं. तो आम्ही बसून ओळीओळीने वाचला.

आईंना मी एवढंच सुचवलं, की सूटबद्दल विचारण्याआधी "काय दुखतंय, आणि कुणाला सांगितलंस?" असं विचारा. त्यांनी विचारलं. त्याने डॉक्टरांना गुडघा दाखवला आणि चाचणीतून त्याला बाहेर ठेवलं गेलं. माझ्यावर तो चिडलाय. तरी सत्राला येतो. सध्या आम्ही त्या 'अर्धा उरलोय'वरच बोलतो आहोत.