वाडा पाडू की वापरू?

प्रश्न : ताई, वाईला आमचा आजोबांचा वाडा आहे, बारा वर्षं बंद. मागच्या पावसात मागची भिंत बसली, चौकात पिंपळ उगवलाय. काका म्हणतात पाडून फ्लॅट बांधू. मला तिथे होमस्टे करायचाय, सहा खोल्या, अटॅच बाथरूमसकट. ठेकेदार म्हणतो सगळीकडे सिमेंटचं प्लास्टर मारलं की वाडा पन्नास वर्षं हलत नाही. काय करू? मी लंडनचं टेट मॉडर्न कलादालन बघून आलोय, तसं आपल्याकडे का नाही होत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो, होतं की आपल्याकडे! गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ला बंद पडलं आणि २०१६ला परत उघडलं, मधली कित्येक वर्षं नुसती गळती आणि धूळ. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबांनी ते दुरुस्तीचं काम केलं, आधी छत आणि स्ट्रक्चर, मग सोनेरी नक्षी, आणि सिनेमासाठी काढून टाकलेले बॉक्स (बड्या प्रेक्षकांचे वेगळे सज्जे) जुने फोटो बघून परत बसवले. तुमचाही क्रम तोच ठेवा, आधी कौलं, पन्हळी आणि तो पिंपळ (मुळासकट हां, नुसता छाटला तर दुप्पट फोफावतो), रंगबिंग सगळ्यात शेवटी.

आता सिमेंट. ते मारूच नका. तुमच्या भिंती मातीच्या आणि चुन्याच्या असणार, त्या ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात, वरून सिमेंट बसलं की ओल आतच कोंडते आणि भिंतीत घुसलेली सागवानी तुळयांची टोकं गुपचूप कुजत राहतात, बाहेरून मात्र भिंत कशी गुळगुळीत दिसते, आणि एक दिवस माडीच खाली येते. चुना भिजवून मुरवणारा, त्यात गूळ-बेलफळ घालणारा गवंडी शोधावा लागेल, वेळ लागेल, पण तोच हवा. आणि वाड्याच्या मजबुतीचं ऑडिट लाकडी सांगाड्याचं काम केलेल्या इंजिनियरकडूनच करून घ्या, फक्त आरसीसी केलेला माणूस बघताक्षणी ‘पाडा’ म्हणतो. (पाडायला सांगणाऱ्याचा डोळा पुष्कळदा सागवानावर असतो, हे आपलं जाता जाता.)

अटॅच बाथरूमचं मात्र मला पटलं नाही. टेट मॉडर्न म्हणजे १९८१ला बंद झालेलं वीजकेंद्र, टर्बाइनचा तो अवाढव्य हॉल त्यांनी तोडून खोल्या केल्या नाहीत, तसाच मोकळा ठेवला आणि त्याला शोभतील अशा अवाढव्य कलाकृती तिथे मांडल्या. तुम्ही उलटं करताय, वाड्याला लॉज बनवताय. माडीवर लाकडी तक्तपोशी (फळ्यांची जमीन), त्यावर सहा बाथरूम म्हणजे रोज सहा जागी पाणी! संडास-बाथरूम मागे परसात नवीन, वेगळं बांधा, ती पडलेली भिंत तशीही काढायचीच आहे. वर तीनच खोल्या करा, खाली ओटा, माजघर, चौक मोकळा ठेवा, जेवणावळी, गाण्याच्या बैठकी, छोटी लग्नं यांना तेच लागतं आणि पैसाही त्यातच बरा सुटतो.

पण या सगळ्याच्या आधी प्रॉपर्टी कार्ड काढून बघा किती नावं आहेत ते, काकांची सही नसेल तर गवंड्याला ॲडव्हान्स देऊ नका.