वाचकांचे प्रश्न : कंपाउंडच्या आत

या महिन्याच्या पत्रांत तीन पत्रं सेमिनरीविषयी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेविषयी आली. नोकरीची सगळी वर्षं मी पुण्यातल्या एका सेमिनरीच्या ग्रंथालयात काढली, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे सरकवली. उत्तरं माझी आहेत, कुठल्याही चर्चची नव्हेत.

प्रश्न : रोज रामवाडीला मेट्रोतून उतरतो. नगर रोडवर जागेला सोन्याचा भाव आलाय आणि सेमिनरीचं आवार मात्र झाडांखाली शांत. मुलंही पूर्वीसारखी येत नाहीत म्हणतात. अशा संस्था जागा विकून गरिबांसाठी शाळा का काढत नाहीत? (एक वाचक, विमाननगर)

अहो, या जागा घेतल्या तेव्हा गावाबाहेरच्या होत्या. शहर त्यांच्यापर्यंत चालत आलं. आणि सेमिनऱ्या एका जागी खिळून बसतात हाही समज काढून टाका. पोप तेरावे लिओ यांनी 1893 मध्ये पेपल सेमिनरी काढली ती सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कँडीला. पुण्यात ती 1955 साली आली. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी मूळची यवतमाळची, इथे आली 1983 मध्ये. जेसुइट या कॅथलिक धर्मसंघाचं कर्सियाँगचं कॉलेज दार्जिलिंगच्या डोंगरातून उतरून दिल्लीला गेलं आणि विद्याज्योती झालं. तेव्हा बाडबिस्तरा हलवण्यात पाप नाही.

पण हलणं वेगळं आणि तुकडा तोडून विकणं वेगळं. बहुतेक ठिकाणी जागा सार्वजनिक न्यासाची असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या 36 व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना स्थावर विकता येत नाही. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी परवानगी लागते. हे बंधन आहे ते बरं आहे. विकलेल्या जमिनीचा पैसा कुठे गेला हे पुढच्या पिढीला शोधत बसावं लागतं, एवढं मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभांमध्ये ऐकलेलं आहे.

माझं मत विचाराल तर विकू नये, वापरू द्यावं. आमच्याकडे वसतिगृहाचा वरचा मजला ओस पडला होता. पावसाळ्यात भिंतींना बुरशी, खोल्यांत मोडक्या खाटा. बऱ्याच वादावादीनंतर तो मजला नर्सिंगच्या मुलींना राहायला दिला. खरी गंमत पुढे. आमचं गेट रात्री लवकर बंद व्हायचं आणि त्यांची ड्यूटी रात्रीची. वॉचमनच्या वहीत ‘उशीर’ असा रकाना होता, त्यात रोज त्यांचीच नावं. शेवटी रकानाच काढून टाकला. सकाळी त्या ड्यूटीवरून येऊन झोपायच्या तेव्हा खालच्या हॉलमध्ये क्वायरची, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाची, तालीम सुरू व्हायची, पेटी-तबल्यासकट. तालीम संध्याकाळवर ढकलली. जुने सर कुरकुरले, ‘सेमिनरी आहे की लॉज?’ मला विचाराल तर रुग्णाच्या उशाशी कसं बसायचं याचा तास घेणाऱ्या संस्थेला रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसून आलेली माणसं घरात मिळाली होती. एका वर्गात त्यांना बोलावलंही. जरा उशिराच सुचलं, पण सुचलं.

प्रश्न : मुलाला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू व्हायचंय. लग्न झालंय, मुलगी लहान आहे, सून शाळेत शिकवते. तो म्हणतो, आता सगळं ऑनलाइन होतं, घरी राहूनच शिकेन. तसं चालतं का? (एक आई, श्रीरामपूर)

ताई, आधी कोरडं उत्तर. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा अभ्यासक्रम बाहेरून करता येतो. नोकरी सांभाळून मंडळीत काम करणाऱ्यांना तो चांगला. पाळकाच्या दीक्षेसाठी मात्र बरीच चर्चं बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) मागतात, आणि तो राहून करायचा. तुमच्या चर्चचा नियम काय हे तुमच्या रेव्हरंडांना विचारा, फी भरण्याआधी.

आता माझं उत्तर. ग्रीक आणि हिब्रू घरी शिकता येईल, निबंधही ईमेलने जातील. पण मेसमधली पाळी ऑनलाइन लागत नाही. आमच्याकडे नागालँड, मिझोरम, केरळ, मराठवाडा अशी सगळीकडची मुलं एका पंगतीत. एकदा दोन नागा मुलांनी अखुनी शिजवली. आंबवलेलं सोयाबीन असतं ते. वास असा की दोन मजले जागे झाले. आमचा लातूरकडचा एक मुलगा नाकाला रुमाल लावून तक्रार करायला निघाला. प्राचार्यांनी तक्रार ऐकून घेतली आणि पुढच्या आठवड्याची स्वयंपाकाची पाळी त्याला आणि त्या नागा मुलांना मिळून दिली. मेसच्या मागे, सिंटेक्सच्या टाकीशेजारी त्यांना वेगळी चूल करून दिली, वास उघड्यावर जावा म्हणून. तक्रारवाल्याने शेवटपर्यंत अखुनी खाल्ली नाही. पण त्याचे वडील वारले तेव्हा रात्रीच्या गाडीने त्याच्यासोबत गावी गेले ते तेच दोघे.

कुटुंबाचं म्हणाल, तर प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांत विवाहित विद्यार्थ्यांना खोल्या देतात. लहान असतात. स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम उभी राहत नाहीत. पूर्वी बायकांना शिवणकाम आणि गाणी शिकवून वेळ घालवायचे. मला तो प्रकार कधीच पटला नाही. आता बायका स्वतः बी.डी.ला नाव घालतात, नोकरीला जातात, आणि मग मुलांना कोण बघणार हा प्रश्न संस्थेच्या दारात येतो. जिथे पाळणाघर आहे अशीच सेमिनरी बघा. माहितीपत्रकात लिहिलेलं नसलं तर फोन करून विचारा. पुण्यात सूनबाईंना शाळेत काम मिळू शकेल, पण इंग्रजीची तयारी लागेल, मुलालाही लागेल. निवड करताना तिला सोबत घेऊन जाऊ द्या. खोली तिने बघितली पाहिजे.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या अंकांवर काम करते. सेमिनरीच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना बसू देतात का? (एक विद्यार्थिनी, कोथरूड)

बऱ्याच ठिकाणी देतात. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झाला. त्याचे अंक सगळ्यांकडे नसतात, तेव्हा कुठली वर्षं हवीत ते आधी फोनवर सांगा. विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र न्या, पिशवी बाहेर ठेवावी लागेल. जुना कागद हात लावताच तुटतो, म्हणून झेरॉक्स मागू नका. मोबाइलवर फोटो काढू द्याल का, असं विचारा. मार्चमध्ये परीक्षा असतात, तेव्हा जाऊ नका. आणि नाताळच्या सुट्टीतही नाही, ग्रंथपाल गावी गेलेले असतात.