फ्यूजची तार जाड केल्याने मोटार वाचत नाही

विहिरीवरील ५ अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटारीचा फ्यूज रब्बीत वारंवार उडतो आणि वायरमन किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या खोबणीत) जाड तार टाकायला सांगतो, ती टाकावी का, असे आपण विचारले आहे. टाकू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या परभणीकडच्या शिवारात हाच उपाय करून मी स्वतः एक मोटार जाळलेली आहे.

फ्यूज हा मुळात केबलच्या रक्षणासाठी असतो. आपली मोटार पूर्ण भारावर साधारण ७.५ अँपियर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट प्रवाह ओढते. तो धक्का सोसता यावा म्हणून १५ अँपियरची, म्हणजे सुमारे ०.५ मिलिमीटर जाडीची कथिल चढवलेली तांब्याची तार वापरतात, आणि ती वितळते ती जवळपास दुप्पट प्रवाहाला. खरी गोम इथेच आहे. तीनपैकी एक फ्यूज उडाला आणि मोटार दोनच फेजवर फिरत राहिली, तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे १.७ पट, म्हणजे १३ अँपियरच्या आसपास जातो. तेवढ्याने ते दोन फ्यूज जागचे हलत नाहीत, आणि आत वाइंडिंग (मोटारीतील तारेची गुंडाळी) मात्र भाजत राहते.

मोटारीला वाचवतो तो स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त प्रवाह काही वेळ टिकला की मोटार बंद करणारे साधन. तो मोटारीच्या पाटीवरील अँपियरवर लावलेला असावा. रात्रीच्या लाइटला (रात्रीच्या वीजपुरवठ्यात) रिले पडून शेतात खेप पडू नये म्हणून पुष्कळ जण तो पडूच नये असा बांधून टाकतात (मीही टाकला होता). सोबत एखादा फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्यावा. किटकॅटऐवजी तीन पोलचा सी प्रकारचा (सुरुवातीचा धक्का सोसणारा) १६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, बसवल्यास तो तिन्ही फेज एकदम तोडतो, हा त्याचा मोठा फायदा. रिलेची जागा मात्र तो घेत नाही.

आता फ्यूज का उडतो ते पाहावे. बटण दाबताक्षणी उडत असेल तर वाइंडिंग किंवा केबलचा जोड खराब झाला आहे का, हे मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) तपासून घ्यावे. अर्ध्या-पाऊण तासाने उडत असेल तर आधी मेन स्विच बंद करून किटकॅटचे संपर्क काळे पडले आहेत का ते पाहावे, कारण सैल संपर्क तापला की योग्य प्रवाहालाही तार वितळते. रब्बीत एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) साऱ्या शिवाराच्या मोटारी चालू असतात, व्होल्टेज पडते आणि तेवढेच पाणी उपसायला मोटार जास्त प्रवाह ओढते; तेव्हा मोटार चालू असताना तिन्ही फेजांचे व्होल्टेज आणि अँपियर वायरमनकडून मोजून घ्यावेत.

उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की गोष्ट उलटी होते: कोरडा चालणारा पंप कमी प्रवाह घेतो, त्यामुळे फ्यूज, एमसीबी, रिले यांपैकी कोणालाच काही कळत नाही. त्यासाठी ड्राय रन संरक्षण (पाणी नसताना पंप बंद करण्याची सोय) असलेलेच पॅनेल घ्यावे लागते.